मथळा कोणाच्या हातात? : गॉर्डन पार्क्स यांच्या छायाचित्रांविषयी



गॉर्डन पार्क्स यांची ओळख करून द्यायला उभे राहिले की पहिली अडचण येते ती यादीची. छायाचित्रकार, कादंबरीकार, आत्मचरित्रकार, कवी, संगीतकार, चित्रपट-दिग्दर्शक, एका मासिकाचे सहसंस्थापक. अशी यादी वाचून झाली की आपण 'अष्टपैलू' म्हणतो, टाळ्या वाजवतो आणि त्या माणसाला यादीतच सोडून देतो. पार्क्स यांच्या बाबतीत हे अनेकदा झाले आहे. आज मला वेगळे काही मांडायचे आहे. त्यांच्या अंगी अनेक कला होत्या यापेक्षा, एकाच मागणीचा पाठपुरावा करत ते एका कलेतून दुसरीत गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छायाचित्र काढणारा एक असतो. पण त्या चित्राचा अर्थ ठरवणारे दुसरेच असतात : कोणते चित्र छापायचे, कुठे कापायचे, शेजारी कोणते लावायचे, खाली कोणती ओळ लिहायची आणि वर कोणता मथळा द्यायचा. ज्याचे चित्र काढले तो गरीब असेल, कृष्णवर्णीय असेल आणि मोठ्या शहराच्या अंधाऱ्या चाळीत राहत असेल, तर त्या ओळीला आणि मथळ्याला फार धार येते. हे अधिकार एकेक करून आपल्याकडे घेण्याचा पार्क्स यांचा प्रयत्न सुमारे तीस वर्षे चालला. मी त्यांचे अष्टपैलुत्व असे वाचतो.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. ३० नोव्हेंबर १९१२ रोजी कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट या गावी त्यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते किशोरवयात असतानाच आई गेली. मग मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात बहिणीकडे रवानगी, तिथून मेहुण्याने घराबाहेर काढले, आणि पुढे मिळेल ते काम : पियानो वाजवणे, हॉटेलात आणि रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम. एका प्रवाशाने मागे टाकलेल्या नियतकालिकात त्यांनी विस्थापित शेतमजुरांची छायाचित्रे पाहिली, आणि त्यानंतर लवकरच सिॲटलमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा विकत घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक सेंट पॉलमधल्या स्त्रियांच्या उंची कपड्यांच्या दुकानासाठी होते. हे ध्यानात ठेवावे, कारण फॅशन त्यांच्या आयुष्यात मागाहून, प्रसिद्धीनंतर आली असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. फॅशन आणि शिकागोच्या दक्षिण भागातली गरीब वस्ती हे दोन्ही विषय त्यांच्या कॅमेऱ्यापुढे जवळजवळ एकाच वेळी आले. रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाल्यावर १९४२ मध्ये ते वॉशिंग्टनला सरकारच्या 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन'च्या छायाचित्र विभागात दाखल झाले. विभागप्रमुख होते रॉय स्ट्रायकर.

तिथे काढलेले एक छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सरकारी कचेऱ्या झाडणारी एला वॉटसन ही स्त्री समोर उभी आहे. एका बाजूला केरसुणी, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप, मागे भिंतीवर उभा टांगलेला अमेरिकेचा राष्ट्रध्वज. ध्वज किंचित अस्पष्ट, चेहरा स्पष्ट. ग्रँट वुड यांचे १९३० मधले 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र, त्यातला हातात दाताळे धरलेला शेतकरी आणि शेजारची स्त्री, प्रत्येक अमेरिकी माणसाला पाठ असते. वॉटसनबाईंना नेमके त्याच थाटात उभे केले आहे. पार्क्स यांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे स्ट्रायकर हे चित्र पाहून हादरले. अशाने आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, असे त्यांना वाटले. पण त्यांनी एक मोलाचा सल्लाही दिला : या बाईसोबत आणखी काम कर. पार्क्स त्यांच्या घरी, शेजारी, चर्चमध्ये जात राहिले आणि त्यातून सुमारे नव्वद छायाचित्रांची मालिका झाली. त्यातले एक चित्र मला ध्वजाच्या चित्राहून मोठे वाटते. दाराच्या चौकटीतून पलीकडच्या खोलीत नातवंडांसह बसलेल्या वॉटसनबाई दिसतात, अलीकडे आरशात दत्तक मुलगी दिसते, आणि कपाटावर एक जुने फ्रेम केलेले छायाचित्र. एका लहानशा घरात तीन-चार पिढ्या, आणि त्यांतल्या कोणालाही प्रतीक व्हायला लावलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. ध्वजाचे चित्र मुद्दाम रचलेले आहे. बाईंना उभे करून, हातात वस्तू देऊन काढलेले चित्र दस्तऐवज कसे म्हणावे? आक्षेप चुकीचा नाही, पण तो ज्या शुद्धतेची अपेक्षा धरतो ती त्या काळच्या सरकारी छायाचित्रांतही नव्हती. माणसांना उभे करणे, प्रकाश देणे, पुन्हा उभे करणे हे सर्रास चाले. खरा प्रश्न रचना लपवली आहे का, हा. इथे ती मुळीच लपवलेली नाही. एका प्रसिद्ध चित्राशी केलेली उघड तुलना आहे आणि पाहणाऱ्याने ती ओळखावी हीच अपेक्षा आहे. शिवाय सरकारी दप्तरात या छायाचित्राची नोंद साध्या शब्दांत आहे : वॉशिंग्टन, सरकारी सफाई कामगार स्त्री. मालिकेतल्या दुसऱ्या एका चित्राखालच्या ओळीत वर्षाला १,०८० डॉलर पगारावर त्या सहा जणांचे कुटुंब चालवत असल्याचे नोंदवले आहे. 'अमेरिकन गॉथिक' हे नाव पार्क्स यांचे. निगेटिव्ह एकच, पण सरकारी ओळीखाली ती एका कर्मचाऱ्याची नोंद ठरते आणि पार्क्स यांच्या मथळ्याखाली एका देशावरचा आरोप. मथळ्याची ताकद त्यांना तिशीतच उमगली होती.

पुढची काही वर्षे त्यांनी दोन टोकांची म्हणावीत अशी कामे केली : न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीसाठी स्ट्रायकर यांच्याच हाताखाली औद्योगिक छायाचित्रण, आणि 'व्होग'साठी फॅशन. यातले पैशाचे कारण उघड आहे आणि ते लपवण्याची गरज नाही. भुकेचा अनुभव असलेल्या माणसाला पैशाची लाज वाटत नाही. पण फॅशनच्या कामाने त्यांना आणखी काही दिले. फॅशनच्या छायाचित्रात काहीही आपोआप घडत नाही. प्रकाश कुठून यावा, कापडाची घडी कशी पडावी, मान किती वळावी हे सारे ठरवावे लागते, आणि समोरच्या व्यक्तीचा रुबाब हाच विषय असतो. १९४७ मध्ये त्यांनी फ्लॅशच्या छायाचित्रणावर आणि १९४८ मध्ये व्यक्तिचित्रणावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या पुस्तकाच्या उपशीर्षकात दस्तऐवजी व्यक्तिचित्रणाची तंत्रे आणि तत्त्वे असा उल्लेख आहे. म्हणजे गरिबाचे चित्र काढतानाही प्रकाश नेटका हवा, हा त्यांचा आग्रह होता. दारिद्र्याचे चित्र ओबडधोबड, काळवंडलेले, घाईत टिपल्यासारखे असले की ते अधिक खरे, असा एक संकेत आपल्या मनात घट्ट बसला आहे. पार्क्स यांनी तो मानला नाही. न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या त्यांच्या चित्रांत माणसांच्या कपड्यांकडे, टोपीच्या कलाकडे, उभे राहण्याच्या ढबीकडे जे लक्ष आहे ते फॅशनच्या कामात तयार झालेल्या डोळ्यांचे आहे. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली : त्यांच्या फॅशनच्या चित्रांतल्या स्त्रिया स्टुडिओ सोडून संध्याकाळच्या रहदारीत, मोटारींच्या दिव्यांत उभ्या राहिल्या.

१९४८ हे वर्ष माझ्या मांडणीच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण त्या एका वर्षात हार्लेमवरच्या दोन कामांचे दोन वेगळे नशीब दिसते. पहिले काम लेखक राल्फ एलिसन यांच्याबरोबरचे. हार्लेममधल्या एका मानसोपचार केंद्राच्या निमित्ताने, शहरातल्या वंशभेदाचा मनावर काय परिणाम होतो यावर एलिसन यांचा निबंध आणि पार्क्स यांची छायाचित्रे, आणि छायाचित्रांच्या ओळीही एलिसन यांच्याच. छायाचित्रकार आणि लेखक इथे बरोबरीचे भागीदार होते. पण ज्या मासिकासाठी हे काम केले ते बुडाले आणि चित्रनिबंध छापलाच गेला नाही. दुसरे काम 'लाइफ' साप्ताहिकासाठी. पार्क्स काही आठवडे हार्लेममधल्या एका टोळीच्या सतरा वर्षांच्या म्होरक्याबरोबर राहिले आणि शेकडो छायाचित्रे काढली. १ नोव्हेंबर १९४८ च्या अंकात त्यांपैकी एकवीस छापली गेली, 'हार्लेमच्या टोळीचा म्होरक्या' अशा मथळ्याखाली. निवड संपादकांची, कापाकापी संपादकांची, मजकूरही संपादकांचा. मारामारी, भीती, शवपेटीपुढे उभा मुलगा, फुटक्या काचेच्या खिडकीतून बाहेर पाहणारा मुलगा हे सारे अंकात आले. घरातला, आईजवळचा, हसणारा मुलगा बहुतेक निगेटिव्हमध्येच राहिला. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्स संग्रहालयाने या चित्रनिबंधाची घडण उलगडणारे प्रदर्शन भरवले. मूळ चित्रे, कापलेली चित्रे आणि छापील पाने तिथे शेजारी शेजारी लावली होती. ती पाहताना कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही. प्रत्येक चित्र खरे आहे. फक्त खऱ्याखुऱ्या चित्रांतून एक सोपा मुलगा तयार केला गेला.

तरीही याच कामावर 'लाइफ'ने त्यांना कायमचे घेतले. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय कर्मचारी छायाचित्रकार. लाखो घरांत जाणारे साप्ताहिक ते. इथे दुसरा आक्षेप : ज्या यंत्रणेने आपल्या चित्राचा अर्थ वाकवला तिच्यातच वीस वर्षे काढणे ही तडजोड नव्हे का? तडजोड होतीच, आणि तिची किंमतही त्यांनी दिली. १९५० मध्ये ते फोर्ट स्कॉटला गेले, आपल्या जुन्या वर्गसोबत्यांचा शोध घेत शहराशहरांत फिरले. तो चित्रनिबंध 'लाइफ'ने छापला नाही. पण बाहेर राहिले असते तर त्या घरांतल्या गोऱ्या वाचकापर्यंत ते पोचले नसते, हेही तितकेच खरे. आत राहून त्यांनी आपल्या हातातला भाग किती वाढवला हे पाहणे अधिक फलदायी आहे. १९५६ मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात आणि परिसरात त्यांनी वंशभेदाची छायाचित्रे रंगीत काढली. दुकानाच्या दारावर 'कृष्णवर्णीयांसाठी प्रवेश' अशी निऑनची लाल अक्षरे, आणि त्यांखाली नीटनेटक्या रविवारच्या पोशाखातली स्त्री आणि लहान मुलगी. वर्णभेदाची चित्रे त्या काळात काळ्या-पांढऱ्या रंगातच पाहायची सवय होती. रंगामुळे ती गोष्ट इतिहासात ढकलता येत नाही, आजच्या, शेजारच्या गावातली वाटते. १९५७ मध्ये गुन्हेगारीवरच्या मालिकेसाठी ते न्यू यॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत फिरले आणि तिथेही रंग वापरला. गुन्ह्याच्या छायाचित्रात चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा असा तेव्हाचा शिरस्ता. विजी या छायाचित्रकाराने तो रूढ केला होता. पार्क्स यांनी फ्लॅश टाळला. तुरुंगाच्या गजांतून आलेला हात आणि त्यात धुमसती सिगारेट, रात्रीच्या रस्त्यावरचे धूसर दिवे. आरोपी कोण, हे चेहऱ्यावरून ठरवण्याची सोयच त्यांनी वाचकाला ठेवली नाही. संपादकाने कसेही कापले तरी हे चित्र आरोपपत्र होऊ शकत नव्हते.

चित्राच्या आत एवढे करून भागणार नव्हते. म्हणून त्यांनी लेखणी घेतली. १९६१ मध्ये रिओ द जानेरोच्या कातकुंबा या झोपडवस्तीतल्या फ्लाव्हियो या आजारी मुलाच्या चित्रनिबंधात त्यांची रोजनिशी आहे. १९६३ मध्ये 'ब्लॅक मुस्लिम' चळवळीवरच्या चित्रांसोबत त्यांनी स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी निबंध लिहिला. त्याच वर्षी 'द लर्निंग ट्री' ही पहिली कादंबरी आली, १९६६ मध्ये 'अ चॉइस ऑफ वेपन्स' हे आत्मचरित्र. आणि मग ८ मार्च १९६८ चा अंक. आदल्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटले होते. दंगलींची कारणे शोधणारा कर्नर आयोगाचा अहवाल जेमतेम आठवड्यापूर्वी आला होता. शहरे का जळतात, या प्रश्नाला पार्क्स यांनी हार्लेममधल्या एका कुटुंबाच्या हिवाळ्याने उत्तर दिले. थंडगार खोल्या, बेकार बाप, भिंतीचा गिलावा खाल्ल्याने ओठ सुजलेले मूल, मदतकचेरीच्या टेबलापुढे मुलांना घेऊन बसलेली आई. सोबतचा मजकूर पार्क्स यांचा, आणि त्याची सुरुवात थेट वाचकाला 'तुम्ही' असे संबोधून होते. वीस वर्षांपूर्वीचा मुलगा आणि हे कुटुंब एकाच वस्तीतले, साप्ताहिक तेच. फरक इतकाच की या वेळी चित्रांच्या बाजूला बोलणारा आवाज ती चित्रे काढणाऱ्याचाच होता.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागू नये. १९६३ मध्येच बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, आणि १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'चे, ज्यांच्या नेत्यांची छायाचित्रे पार्क्स यांनी काढली होती. आपले जगणे दुसऱ्याने सांगावे, त्याने दया दाखवावी आणि आपण आभार मानावेत, हे नाकारण्यातून आपल्याकडची दलित आत्मकथने उभी राहिली. पार्क्स यांची अडचण मात्र थोडी निराळी होती. लेखक कागदाचा धनी असतो. पगारी छायाचित्रकार स्वतःच्या निगेटिव्हचाही नसतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप, ज्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मथळा पार्क्स यांच्या हातात आला, ठीक; पण ज्यांची चित्रे त्यांनी काढली त्यांच्या हातात काय आले? अलाबामातल्या मालिकेनंतर त्यातल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि कुटुंबाला राज्य सोडावे लागले. फ्लाव्हियोसाठी वाचकांनी सुमारे ३०,००० डॉलर पाठवले, त्याला डेन्व्हरला नेऊन उपचार केले, त्याचा जीव वाचला. पण दोन वर्षे अमेरिकेत राहिलेला मुलगा ब्राझीलला परत पाठवल्यावर कुठलाच राहिला नाही. ब्राझीलच्या 'ओ क्रुझेइरो' साप्ताहिकाने तर चिडून आपला छायाचित्रकार न्यू यॉर्कला धाडला आणि तिथल्या गरीब घराची चित्रे छापली. गरिबी काय फक्त आमच्याकडेच आहे, हा त्यांचा सवाल रास्त होता. हार्लेमच्या कुटुंबाला 'लाइफ'ने क्वीन्समध्ये घर घेऊन दिले, तिथे आग लागून बाप आणि एक मुलगा गेले. या गोष्टींचा दोष छायाचित्रावर टाकणे सोपे आहे आणि बव्हंशी अन्यायाचे. शिक्षिकेला काढले ते वर्णद्वेष्ट्यांनी, कॅमेऱ्याने नव्हे. पण पार्क्स यांच्या बाजूने बोलताना एवढे कबूल केले पाहिजे की चित्राच्या अर्थावर ताबा मिळवला म्हणून चित्राच्या परिणामांवर ताबा मिळत नाही. त्यांनाही हे कळत होते. फ्लाव्हियोवर त्यांनी १९७८ मध्ये वेगळे पुस्तक लिहिले, ते समाधानी माणसाचे पुस्तक नाही.

चित्रपट हा या वाटेवरचा पुढचा टप्पा. १९६९ चा 'द लर्निंग ट्री' वॉर्नर ब्रदर्सने काढला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केलेला तो पहिला चित्रपट. कथा, पटकथा, निर्मिती, दिग्दर्शन आणि संगीतही पार्क्स यांचे, चित्रीकरण फोर्ट स्कॉटमध्येच. 'लाइफ'ने १९५० मध्ये न छापलेले गाव असे पडद्यावर आले. दोन वर्षांनी 'शाफ्ट'. अभ्यासक मंडळी 'शाफ्ट'कडे धंदेवाईक म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आरंभीचे दृश्य पाहा : मॅनहॅटनच्या गर्दीत भुयारी रेल्वेच्या पायऱ्या चढून कातडी कोटातला खासगी गुप्तहेर वर येतो आणि मोटारी अडवत, हात उडवून, रस्ता ओलांडतो. रहदारीने त्याच्यासाठी थांबायचे. १९५२ मध्ये एलिसन यांच्या कादंबरीवर आधारित मालिकेत पार्क्स यांनी हार्लेमच्या रस्त्यातल्या भुयाराच्या झाकणाखालून डोके वर काढणारा माणूस टिपला होता, अर्धा जमिनीत, डोळे विस्फारलेले. 'शाफ्ट'मध्ये तसाच माणूस भुयारातून पूर्ण बाहेर येऊन शहरात हिंडतो. यात व्होगचा रुबाब आहे, हार्लेमचा रस्ता आहे, आणि संगीताचे ठेके आयझॅक हेझ यांचे आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

याचा अर्थ त्यांनी हात लावला ते सारे सोन्याचे झाले असा नाही. कविता हळव्या आहेत. उत्तरायुष्यातली फुले, शिंपले आणि रंगीत धुके यांची छायाचित्रे सुंदर आहेत आणि त्यापलीकडे फारशी जात नाहीत. कादंबरी प्रामाणिक आहे, एलिसन यांच्या जवळपास जात नाही. अष्टपैलू माणसाचे सगळे पैलू सारखेच चमकतात असे म्हणणे हा कौतुकाचा आळस आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या कलांकडे ते का वळले हे समजल्याशिवाय छायाचित्रांतला आग्रह समजत नाही, आणि मोजमाप शेवटी छायाचित्रांवरच व्हावे.

पार्क्स ७ मार्च २००६ रोजी न्यू यॉर्कमध्ये वारले. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, मोबीलच्या मालिकेतल्या अनेक न छापलेल्या रंगीत पारदर्शिका त्यांच्या नावाने चालणाऱ्या फाउंडेशनला एका जुन्या खोक्यात सापडल्या. तेव्हापासून त्यांच्या एकेका मालिकेची पुनर्मांडणी होत आहे : वगळलेली चित्रे परत येतात, कापलेली पूर्ण दिसतात, 'लाइफ'ची मूळ पाने शेजारी छापली जातात. एलिसन यांच्याबरोबरचे न छापलेले कामही २०१६ मध्ये शिकागोत प्रदर्शित झाले. ओळी आता संग्रहालयांचे अभ्यासक लिहितात. त्या बहुधा सहृदय असतात, अचूकही असतात. पण निवड आता पुन्हा दुसऱ्याच्या हातात आहे, आणि त्या भिंतींपुढे उभे राहणाऱ्याने १९४८ ची एकवीस चित्रे जितक्या संशयाने वाचावीत तितक्याच संशयाने याही ओळी वाचाव्यात, असे मला वाटते.